कॅमेरा बदलण्याआधी वायर कुठून गेलीय ते बघा

सोसायटीत सीसीटीव्ही बसतो. चित्र स्वच्छ दिसतं, पण पाण्याचा पंप सुरू झाला की स्क्रीनवर पट्टे उमटतात. मग कॅमेरा बदला, डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) बदला असा खर्च सुरू होतो. बहुतेकदा घोळ वायरिंगमध्येच असतो.

पाइपाचे पैसे वाचवायला लाइटच्याच पाइपातून सिग्नलची वायर ओढणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. २३० व्होल्टच्या वायरभोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र असतं, शेजारच्या वायरमध्ये त्यातून व्होल्टेज उमटतं. दोन्ही वायरी जितक्या लांबपर्यंत समांतर, तितका त्रास जास्त. इन्शुलेशन फाटलं तर २३० व्होल्ट थेट कॅमेऱ्यात, हा धोका वेगळाच. वेगळा पाइप घ्या, फूटभर अंतर ठेवा, ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडा. लिफ्टच्या मोटरचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडीपासून आणखी लांब राहा.

पंप बंद असतानाही आडवे पट्टे सावकाश वर-खाली सरकत असतील, तर संशय ग्राउंड लूपचा. अ‍ॅनालॉग कॅमेऱ्याची बॉडी लोखंडी ब्रॅकेटमधून अर्थ होते, डीव्हीआरला स्वतःचं वेगळं अर्थिंग असतं. दोन्हींच्या व्होल्टेजमध्ये थोडा फरक पडला की कोॲक्सच्या (कॅमेऱ्याच्या व्हिडिओ केबलच्या) जाळीतून प्रवाह वाहू लागतो. कॅमेरा ब्रॅकेटवरून सोडवा आणि चालू ठेवूनच लाकडी स्टुलावर ठेवा. पट्टे गेले तर दोषी सापडला: मधे प्लास्टिकचा बेस घाला किंवा ग्राउंड लूप आयसोलेटर लावा. काही जण डीव्हीआरच्या प्लगची अर्थ पिनच काढून टाकतात. पट्टे जातातही, पण असली दुरुस्ती कुणाच्या तरी जिवावर बेतू शकते.

लॅन केबलला ५० हर्ट्‌झचा त्रास कमी, कारण तिच्या जोड्यांना पीळ असतो आणि दोन्ही तारांत सारखाच शिरलेला गोंगाट रिसीव्हरपाशी वजा होतो. पण प्लग लावताना पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडला की हा फायदा कमी होतो. तांब्याचा नुसता मुलामा दिलेली स्वस्त केबल पीओई कॅमेऱ्याला, म्हणजे लॅन केबलमधूनच वीज घेणाऱ्या कॅमेऱ्याला, नकोच. लांब अंतरावर व्होल्टेज पडतं, कॅमेरा रात्री इन्फ्रारेड लागताच रीस्टार्ट होतो, आणि लोक त्यालाही इंटरफिअरन्स म्हणतात.

शिल्डेड (धातूचं आवरण असलेली) केबल घेतली आणि शिल्ड कुठेच अर्थ केलं नाही, तर जास्तीचे पैसे वाया.

दोन इमारती जोडायच्या असतील तर तांब्याच्या नादी न लागता फायबर टाका. अर्थिंगमधला फरक त्यातून जात नाही.