पहिला मिडी कीबोर्ड: घेताना आणि जोडताना या चुका टाळा

मिडी कीबोर्डला स्वतःचा आवाज नसतो. पट्टी दाबली की तो फक्त आकडे पाठवतो: कोणता सूर, किती जोरात, बोट कधी उचललं. १९८३ साली आलेली मिडी नावाची ही भाषा आजही घरोघरच्या कीबोर्डांत चालते. कानावर पडणारा आवाज तयार होतो तो कॉम्प्युटरमधल्या सॉफ्टवेअरमध्ये. दुकानात याचा विसर पडला की पैसे भलतीकडे जातात, आणि घरी विसर पडला की बिघाड दुसरीकडेच असताना चांगला कीबोर्ड परत पाठवला जातो.

घरातला कीबोर्ड न बघता नवा घेणं

कंपनी कोणतीही असो, आपल्याकडे सगळ्यांना ‘कॅसिओ’च म्हणतात. असा एखादा कपाटावर पडून असेल तर त्याची मागची बाजू बघा. ‘यूएसबी टू होस्ट’ लिहिलेलं चौकोनी भोक असेल तर प्रिंटरची वायर लावून तोच मिडी कीबोर्ड म्हणून चालतो. मेनूत ‘लोकल कंट्रोल’ बंद करा, नाहीतर प्रत्येक सूर दोनदा वाजेल: एकदा त्याच्या स्पीकरमधून, एकदा कॉम्प्युटरमधून. एक मात्र तपासा. हळू आणि जोरात दाबल्यावर आवाजात फरक पडतो का? अगदी स्वस्त मॉडेलांत तो पडत नाही, आणि अशा कीबोर्डवर वाजवलेले ड्रम्स निर्जीव वाटतात.

पट्ट्या मोजणं, पण टेबल न मोजणं

पूर्ण आकाराच्या पट्ट्यांचं एक सप्तक साधारण साडेसोळा सेंटिमीटरचं असतं. म्हणजे ४९ पट्ट्यांना ६८ सेंटिमीटर आणि ६१ पट्ट्यांना ८५ सेंटिमीटर लागतात. शेजारच्या, सूर वाकवायच्या चाकांची जागा वेगळी. लॅपटॉप आणि माऊस ठेवून टेबलावर तेवढी जागा उरते का, हे आधी टेप लावून बघा. रोज पलंगाखालून काढावा लागणारा कीबोर्ड महिन्याभरात वाजवणं बंद होतं.

बीट्स, बेस आणि एका हाताच्या धुना एवढंच करायचं असेल तर २५ पट्ट्या पुरतात, कारण ऑक्टेव्हच्या (सप्तकाच्या) बटणांनी वरखाली जाता येतं. डाव्या हाताने कॉर्ड आणि उजव्याने धून वाजवायची असेल तर २५ पट्ट्यांवर हात एकमेकांवर चढतात. तिथे ४९ घ्या. मिनी पट्ट्यांवर सप्तक बरंच अरुंद असतं. पियानो शिकलेल्या बोटांना ते सतत चुकवतं. ८८ वजनदार पट्ट्या पियानोच्या अभ्यासासाठी उत्तम, पण त्या जड असतात आणि झटपट हाय-हॅट (ड्रममधल्या झांजा) वाजवायला संथ पडतात. पहिल्या खरेदीसाठी, जागा असेल तर, आमचं मत ४९ हलक्या, पूर्ण आकाराच्या पट्ट्यांना.

नॉब आणि पॅड बघून भुलणं

फिरवायचे आठ नॉब आणि बोटांनी ठोकायचे आठ पॅड पुष्कळ झाले. त्याहून महत्त्वाचं आहे पिच बेंड, म्हणजे वाजता सूर वर-खाली सरकवण्याची सोय. मींड घ्यायची असेल तर बोटाने हळूहळू फिरवता येणारं चाक हवं. छोट्या मॉडेलांत त्याजागी स्पर्शपट्टी किंवा जॉयस्टिक असते. वाजवून बघितल्याशिवाय घेऊ नका. चाक असूनही मींड लागत नाही, अशी तक्रार असते तेव्हा कारण बहुतेकदा सॉफ्टवेअरमध्ये सापडतं. बहुतेक सिंथमध्ये (सॉफ्टवेअरमधल्या वाद्यांत) बेंडची मर्यादा दोन अर्धस्वर म्हणजे सा ते शुद्ध रे एवढीच ठेवलेली असते. सा ते शुद्ध म साठी ती ५ करा, सा ते प साठी ७. सरळ १२ ठेवली तर चाक इतकं हळवं होतं की कोमल रे नेमका पकडता येत नाही.

‘कीबोर्ड स्लो आहे’ म्हणून परत करणं

सर्वांत जास्त चुकीचे निष्कर्ष इथे निघतात. यूएसबीवरून आकडा पोहोचायला लागणारा वेळ जाणवण्याइतका नसतो. उशीर होतो आवाज तयार होऊन बाहेर पडताना. सॉफ्टवेअर आवाजाचे तुकडे करून पाठवतं, त्या तुकड्याचा आकार म्हणजे बफर. सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने (सॅम्पल्स), म्हणजे ४४,१०० हर्ट्झ असताना १२८ सॅम्पल्सचा बफर ३ मिलिसेकंदांहून थोडा कमी वेळ घेतो, ५१२ चा सुमारे १२ आणि १,०२४ चा सुमारे २३. यात साऊंड ड्रायव्हरचा स्वतःचा उशीर मिळवला की बोट आणि सूर यांची फारकत होते.

विंडोजवर आधी ऑडिओ सेटिंगमध्ये एसिओ (कमी उशिराचा) ड्रायव्हर निवडा. ऑडिओ इंटरफेस (बाहेरून जोडायचं साऊंड कार्ड) असेल तर त्याच्याच कंपनीचा, नसेल तर ‘एसिओ फॉर ऑल’ किंवा एफएल स्टुडिओ या संगीताच्या सॉफ्टवेअरबरोबर येणारा. मग बफर १२८ करा. चरचर ऐकू आली तर २५६. मिक्सिंग करताना १,०२४ चालतो, कारण तेव्हा कोणी पट्ट्या दाबत नसतं. आणि ब्लूटूथ हेडफोन काढून ठेवा. त्यांचा उशीर कोणत्याही सेटिंगने जात नाही. वाजवताना वायरचेच हवेत.

आवाजच येत नाही: आकड्याच्या मागे जा

कीबोर्डचा दिवा लागतो पण कॉम्प्युटरला तो दिसत नाही? वायर बदला. चार्जिंगपुरत्या वायरींतून वीज जाते, आकडे जात नाहीत. हब असेल तर काढून थेट जोडा. कॉम्प्युटरला दिसतो पण सॉफ्टवेअरला दिसत नाही? मिडी सेटिंगमध्ये त्या इनपुटवर खूण करा, आणि दुसरा एखादा संगीताचा प्रोग्रॅम किंवा ब्राउझरमधला पियानो उघडा असेल तर बंद करा. विंडोजवर अनेकदा एकच प्रोग्रॅम कीबोर्ड धरून ठेवतो.

पट्टी दाबल्यावर सॉफ्टवेअरमधला मिडीचा दिवा लुकलुकत असेल तर कीबोर्ड निर्दोष आहे. मग ट्रॅकवर वाद्य लावलंय का, ट्रॅक रेकॉर्डसाठी चालू आहे का, ते बघा. ड्रम किट गप्प असेल तर ऑक्टेव्ह खाली आणा: नेहमीच्या मांडणीत किक ड्रम मिडीच्या ३६ क्रमांकाच्या सुरावर असतो आणि स्नेअर ड्रम ३८ वर, मधल्या सा पेक्षा, म्हणजे ६० पेक्षा, जवळपास दोन सप्तकं खाली. सगळं अर्ध्या सुराने सरकलेलं वाटत असेल, पांढरी एक दाबून काळी एक ऐकू येत असेल, तर ट्रान्सपोजचं (पट्टी बदलायचं) बटण चुकून दाबलं गेलंय.

सस्टेन (सूर लांबवायचं) पेडल उलटं चालतं, म्हणजे पाय उचलल्यावर सूर लांबतात? चालू करताना पेडल दाबलेलं असलं की असं होतं. कीबोर्ड बंद करा, पाय काढा, पुन्हा चालू करा.

हार्मोनियमवर घडलेल्या हातांना आणखी एक अडचण येते. तिथे जोर भात्याचा, बोटाचा नाही. त्यामुळे इथे काही सूर दबतात, काही अंगावर येतात. फिक्स्ड व्हेलॉसिटी (प्रत्येक सुराला एकच जोर) लावून हे झाकू नका. कीबोर्डच्या सेटिंगमधला ‘सॉफ्ट’ कर्व्ह (बोटाचा जोर आणि आवाज यांचं नातं) लावा, म्हणजे हलका हातही पुरेसा मोठा वाजतो.

जुना कीबोर्ड न तपासता घेणं

प्रत्येक पट्टीखाली दोन रबरी संपर्क असतात. पहिला आणि दुसरा टेकण्यातला वेळ मोजून जोर ठरतो. धूळ किंवा पावसाळ्याची दमट हवा तिथे बसली की एखादी पट्टी मुकी होते किंवा कशीही दाबली तरी १२७ च्या, म्हणजे कमाल जोराने ओरडते. म्हणून लॅपटॉप घेऊन जा, ‘मिडी-ऑक्स’सारखा मोफत प्रोग्रॅम उघडा, प्रत्येक पट्टी हळू-जोरात दाबा आणि आकडे बघा. एकदोन पट्ट्या बिघडल्या असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने संपर्क पुसून त्या बहुधा सुधारतात, पण किंमत तशी पाडून मागा.

सोबतचं सॉफ्टवेअर विक्रेत्याने आधीच आपल्या नावावर नोंदवलं असेल तर तुम्हाला ते बहुधा मिळणार नाही, त्यामुळे त्याचे पैसे देऊ नका. आणि ट्रायलवर काम भागवायचा विचार असेल तर हे ध्यानात ठेवा: एफएल स्टुडिओची ट्रायल प्रोजेक्ट सेव्ह करते, पण परवाना घेईपर्यंत तो पुन्हा उघडून देत नाही.