परसातल्या शेडमध्ये ड्रम वाजवायचेत? आधी हवेचं बघा

आवाज बाहेर जाऊ नये म्हणून अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवायचा विचार असेल तर तो आताच सोडा. काळा खाचांचा फोमही आवाज अडवत नाही. खोलीत घुमणारा आवाज थोडा कमी होतो आणि रेकॉर्डिंग बरं येतं, एवढंच, शेजाऱ्याला काहीच फरक पडत नाही. आवाज अडतो तो वजनाने आणि फट नसण्याने. ड्रमसेट जोरात वाजवला की आत १०० ते ११० डेसिबल सहज होतात आणि रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५, रात्री १० नंतर ४५ आहे, म्हणजे किती अडवायचंय त्याचा अंदाज आला असेल. शून्य होणार नाही. कुणी करून देतो म्हणाला तर त्याला ॲडव्हान्स देऊ नका.

आपल्याकडे, गोव्या-कोकणात, एक गोष्ट फुकट मिळते ती म्हणजे चिरा, म्हणजे जांभा दगड. नऊ इंची चिऱ्याची भिंत असेल तर अर्धं काम झालं, फक्त चिरा सच्छिद्र असतो म्हणून दोन्ही बाजूंनी गिलावा हवाच, आतून तरी नक्कीच. खिडक्या चिरे लावून बुजवा. भिंतीत एक टक्का जरी जागा उघडी राहिली तरी ती ५० डेसिबल अडवणारी भिंत २० वर येते, हे साधं गणित आहे, म्हणून फटींच्या बाबतीत कंजूषपणा नको.

वर नळे (कौलं) किंवा पत्रा असेल तर सगळा आवाज तिथूनच जाणार. त्यावर एकच उपाय, खोलीत खोली. जमिनीवरच उभी राहणारी लाकडी फ्रेम, वाळवीचं औषध मारलेली, बाहेरच्या भिंतीपासून एक इंच सुटी, आणि तिच्यावरच आतलं सिलिंग. सिलिंग वाशांना टांगायचं नाही. मेस्त (सुतार) म्हणेल एक-दोन हुक मारतो, काय होतंय, तर नाही म्हणून सांगा, त्या हुकातूनच किकचा, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा, दणका वर जातो. फ्रेममध्ये ५० मिमी रॉकवूल (दगडी तंतूंची गादी), आतून १२ मिमी सिमेंट बोर्डाचे दोन थर, सांधे एकावर एक येऊ न देता, कडेला ॲक्रिलिक सीलंट. जिप्सम स्वस्त पडतं पण आपल्या पावसाळ्यात मी ते लावणार नाही. स्क्रू स्टेनलेसचेच, खाऱ्या हवेत बाकीचे गंजतात. रॉकवूल हाताळताना मास्क आणि हातमोजे.

दरवाजे दोन, भरीव, एक बाहेर उघडणारा एक आत, चारी बाजूंनी रबर आणि खाली उंबरठा. ड्रमखाली रबरावर ठेवलेला १८ मिमी मरीन प्लायचा दुहेरी पाट. एमडीएफ नको, फुगतं.

आता खरी डोकेदुखी. एवढं सगळं बंद केलं की आत हवाच नाही. मे महिन्यात अशा खोलीत तीन गाणी वाजवून बघा. "एसी लावतो" म्हणणारे भेटतात, पण स्प्लिट एसी आतलीच हवा गार करून फिरवतो, ताजी हवा एक थेंबभर आणत नाही. मग लोक वैतागून भिंतीला एक्झॉस्ट फॅनचं गोल भोक पाडतात आणि सगळा खर्च त्या भोकातून बाहेर जातो, भोक पडलेल्या घागरीत पाणी भरल्यासारखं. या एका टप्प्यावर मी सगळ्यात जास्त डोकं फोडलंय, म्हणून सविस्तर सांगतो.

दोन पेट्या बनवायच्या, एक हवा आत आणायला खाली, दुसरी बाहेर टाकायला समोरच्या भिंतीत वर. १८ मिमी प्लायचे दोन थर आणि आत नागमोडी वाट, कमीत कमी चार वळणं. आतल्या सगळ्या बाजूंना ५० मिमी रॉकवूल, वर पातळ कापड, नाहीतर तंतू फुफ्फुसात जातील. सगळ्यांचा घोळ होतो तो मापात: रॉकवूल दोन्ही बाजूंनी मिळून चार इंच खातं हे कुणी धरतच नाही. सहा इंची पंखा असेल तर रॉकवूल लावून उरलेली वाट आठ बाय आठ इंच हवी, त्यात प्लायची जाडी धरली की बाहेरून पेटी पंधरा इंचांच्या आसपास जाते. मेस्त छोटी करून आणेल, परत पाठवा. वाट अरुंद झाली की हवा शिट्टी मारते आणि पंखा धापा टाकतो.

पंखा हवा बाहेर टाकणाऱ्या पेटीत, शेवटच्या वळणापाशी, रबरावर टांगलेला. पेट्यांची तोंडं खाली वळलेली आणि नैर्ऋत्येला तर अजिबात नको, पावसाचा मारा तिकडून असतो आणि रॉकवूल एकदा भिजलं की फेकायचंच. तोंडाला स्टेनलेसची जाळी, उंदीर आणि कुंभारमाशी दोघांसाठी. हेही सांगून ठेवतो, किकचा खालचा आवाज पेटीतून थोडा जातोच, म्हणून तोंडं शेजाऱ्याच्या बेडरूमकडे करू नका.

पावसाळ्यात पंखा बाहेरची दमट हवाच आत ओढतो. वाजवून झालं की पंखा बंद, तोंडांना झाकणं आणि एसी ड्राय मोडवर अर्धा-पाऊण तास. नाहीतर आधी किक पॅडलच्या साखळीला गंज, मग कोपऱ्यात बुरशी.

झालं की दुसऱ्याला वाजवायला बसवा आणि तुम्ही शेजाऱ्याच्या गेटपाशी जाऊन ऐका. दुपारी एक ते चारमध्ये मात्र हा प्रयोग नको, लोक झोपलेले असतात, आणि गणपतीच्या चवथीतही नको, घुमटांच्या (आरतीला वाजवायचं मातीचं वाद्य) आवाजात तुम्हाला काहीच कळणार नाही. स्नेअर (तडतडणारा छोटा ड्रम) ऐकू आला तर कुठेतरी फट आहे, बहुतेक दरवाजाचं रबर. नुसती किक धपधपली तर आतली फ्रेम कुठेतरी भिंतीला टेकलीय, अंधारात टॉर्च मारून ती जागा शोधा.