कोकरं-करडांचा हंगाम: लांडगा-कोल्ह्यापासून राखण, माळाला धक्का न लावता

दिवाळी उलटली की माळावर मेंढ्या-शेळ्या व्यायला लागतात. नेमकं याच दिवसांत, डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास, लांडग्याची मादीही ओढ्याच्या घळीत पिल्लं घालते. म्हणजे आपल्या वाड्यात कोवळी कोकरं आणि पलीकडे भुकेली पिल्लं, असं दोन-तीन महिने चालतं. सोलापूर, अहिल्यानगर आणि पुण्याच्या पूर्वेकडच्या तालुक्यांत हे दरवर्षी ठरलेलं आहे, तेव्हा तयारीही आधीच करायला हवी. पहिलं कोकरू गेल्यावर जाळी शोधायला निघण्यात काय अर्थ?

सगळ्यात आधी एक विचारा: मारलं कोणी? आपण सर्रास "लांडगा पडला" म्हणतो, पण गावालगतच्या माळावर अनेकदा मोकाट कुत्र्यांची टोळी आलेली असते. कुत्री कशीही चावतात. कान, मांड्या, कुशी फाटलेल्या, पाच-सहा जनावरं जखमी आणि खाल्लेलं फारसं काही नाही, असं दिसलं तर संशय कुत्र्यांवर घ्या. लांडगा बहुधा एकच जनावर निवडतो आणि लहान कोकरू तर उचलूनच नेतो, मागं रक्ताचे चार थेंब राहतात. कोल्हा धडधाकट मेंढीच्या वाटेला जात नाही. नुकतं जन्मलेलं किंवा अशक्त पिल्लू आणि कोंबड्या एवढ्यावरच त्याचा डोळा असतो. गळ्यावर सुळ्यांच्या नेमक्या खुणा, फरफटत नेल्याची वाट आणि नखं न उमटलेला पंजा दिसला, तर तो बिबट्या. ठशांवरून कुत्रा-लांडगा ओळखणं जाणत्यालाही जड जातं. तरी लांडग्याची वाट सरळ रेषेत जाते, कुत्रं वास घेत इकडेतिकडे भटकतं. हे तपासायचं कारण असं, की कुत्र्यांनी मारलेल्या जनावराची वनखात्याकडून भरपाई मिळत नाही, आणि कुत्र्यांचा बंदोबस्त गावातच करावा लागतो.

आता वाड्याकडे वळू. वाघर, म्हणजे कळपाभोवती लावायची दोरीची जाळी, लावली म्हणजे काम झालं असं नाही. तिच्या खालची कड सैल असते आणि कोल्हा नेमका तिथूनच शिरतो. कड दगडांनी दाबा, बाहेरून बाभळीच्या फांद्यांचा फेर द्या. शेळ्यांचा कायमचा गोठा असेल तर तारेची जाळी निदान साडेपाच फूट उंच घ्या. तिची खालची फूट-दीड फूट पट्टी बाहेरच्या बाजूला जमिनीवर पसरून माती-दगडांनी दाबून टाका. उकरणारं जनावर जाळीच्या अगदी बुडाशी येऊन उकरतं, मागं सरकून नाही. एवढ्यावर त्याचं काम अडतं. कुंपणाच्या तारेत झटका सोडणारं सौर मशीन लावणार असाल तर सगळ्यात खालची तार जमिनीपासून 15 सेंटिमीटरच्या वर जाऊ देऊ नका आणि तारेखालचं गवत काढत राहा, नाहीतर करंट गवतातच उतरतो. घरच्या लाइनचा आकडा टाकून कुंपणात वीज सोडणं हा गुन्हा आहे. त्यात रानडुक्कर मरो न मरो, पाण्याला निघालेला शेजारी मात्र मरतो.

फिरत्या वाड्याला एक स्वस्त उपाय करता येतो. दोरीला अर्ध्या-अर्ध्या मीटरवर लाल कापडाच्या अर्धा मीटर लांब पट्ट्या बांधा आणि दोरी अशी ताणा की पट्ट्यांची टोकं जमिनीपासून वीतभरच वर राहतील. जुनी साडी फाडली तरी चालते. पूर्व युरोपात लांडग्यांची कोंडी करायला ही दोरी वापरत. अमेरिकेत आता तीच कळपाच्या राखणीला लावतात. लांडगा हलत्या पट्ट्यांना बिचकतो, पण दोनेक महिन्यांत सरावतो. म्हणून ती वर्षभर टांगून ठेवू नका, ऐन व्यायच्या दिवसांत लावा आणि मग काढून घ्या. कोल्हा मात्र हिला फारशी दाद देत नाही.

करडं डालग्याखाली किंवा आतल्या कप्प्यात ठेवा. व्यायलेल्या मेंढीचा जार (वार) उघड्यावर टाकू नका. तो आणि मेलेली जनावरं खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. पोल्ट्रीवाल्यांनी मेलेल्या कोंबड्या ओढ्यात फेकायची सवय सोडली, तर आसपासच्या वाड्यांचा अर्धा त्रास कमी होईल असं माझं स्पष्ट मत आहे. त्या ढिगावरच मोकाट कुत्री पोसली जातात. पुणे जिल्ह्यात लांडगा-कुत्रा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून दिसलं आहे, तेही मोकाट कुत्री लांडग्यांच्या इतक्या जवळ वावरतात म्हणूनच. वाड्यावरच्या कुत्र्यांना रेबीज आणि डिस्टेंपरची लस टोचून घ्या, कारण हे रोग त्यांच्याकडून रानात जातात.

थायमेट, फ्युराडान ही पिकावरची कीटकनाशकं मेलेल्या मेंढीत घालून ठेवणारे अजून आहेत. थायमेट म्हणजे फोरेट, त्यावर देशात बंदी आहे. आणि विषाला लांडगा कोण, तरस कोण, हे कळत नाही. त्या मढ्यावर खोकड (कोल्ह्याहून लहान रानजनावर) येतं, गिधाड-घार उतरते, आपलंच राखणीचं कुत्रं तोंड घालतं. अमेरिकेतल्या पशुपालकांनी कायोटी नावाच्या, आपल्या कोल्ह्याच्याच जातकुळीतल्या प्राण्यावर पिढ्यान्‌पिढ्या विष आणि बंदुका चालवल्या. तरी तो पश्चिमेकडून पसरत पार पूर्व किनाऱ्यापर्यंत पोचला. टोळीतली जाणती जोडी मेली की उरलेल्या माद्याही विऊ लागतात, हे त्यामागचं एक कारण सांगतात. शेवटी फेब्रुवारी 1972 मध्ये तिथल्या सरकारला संघराज्याच्या जमिनींवर अशा विषाला बंदी करावी लागली. त्याच वर्षी सप्टेंबरात आपला वन्यजीव संरक्षण कायदा आला. लांडगा त्यात सगळ्यात कडक संरक्षणाच्या पहिल्या अनुसूचीत आहे, मारल्यास तीन ते सात वर्षं कैद. देशभरात ते उरलेत तीन हजारांच्या आसपास. घळीत धूर करून पिल्लं मारणंही यातच येतं. बीळ सापडलं तर वाडा लांब हलवा आणि तिथं कळप नेऊ नका, पिल्लं मोठी झाली की टोळी आपोआप निघून जाते. कोल्ह्याचं तर ऊसवाल्यानं उलट आभार मानावेत, उंदीर-घुशी तोच खातो.

एवढं करूनही जनावर गेलं, तर मढं जागेवरून हलवू नका. ताडपत्री टाका, ठसे आणि जखमांचे फोटो काढा, आणि वनखात्याला लगेच कळवा. 48 तासांची मुदत आहे, टोल फ्री क्रमांक 1926. लांडगा, कोल्हा, तरस, बिबट्या यांनी मारलेल्या शेळी-मेंढीला बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 15,000 रुपये, यांपैकी कमी असेल ती रक्कम मिळते. पंचनाम्यात जनावराचं वय आणि ते गाभण होतं का, हे लिहून घ्यायला सांगा. विमा उतरवला असेल तर कानातला बिल्ला काढून टाकू नका, विमा कंपनी आधी तोच मागते.