शिष्यवृत्तीचा निकाल लागला, आता त्या मार्कांचं काय करायचं?

पाचवीच्या शिष्यवृत्तीचा निकाल आला की सगळे विचारतात किती पात्र झाले, गुणवत्ता यादीत कोण आहे, आणि बाकीच्या पोरांचे मार्क सरळ फाईलला जातात. ती फाईल लगेच बंद करू नका, आपल्या कामाचं सगळं त्या अपात्र पोरांच्या मार्कांतच असतं.

आधी बेरीज बाजूला ठेवा आणि दोन्ही पेपर वेगळे बघा. प्रत्येक पेपर 150 चा, पात्र व्हायला दोन्हीत 40 टक्के, म्हणजे 60 लागतात. एखाद्याला पहिल्यात 58 आणि दुसऱ्यात 110 असतील तर तो दोन मार्कांच्या एका प्रश्नाने राहिलाय, त्याला कच्चा म्हणू नका. मग विषय बघा. गणिताचे 50 प्रश्न 100 मार्कांना, पर्याय चार, निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे उत्तरपत्रिकेवरचे गोल नुसते अंदाजाने भरले तरी पंचवीसच्या आसपास मार्क पडतात. म्हणून 26 मार्क म्हणजे थोडंफार येतंय असं धरू नका, तिथे पार वजाबाकी-भागाकारापासून बसावं लागतं.

पुढचं काम वेळखाऊ आहे पण तेच खरं. मुलांकडची प्रश्नपत्रिका मागवा, उत्तरसूची घ्या आणि एकेकाला जवळ बसवून एवढंच विचारा, "हे उत्तर कसं काढलंस?" आणि मधे न बोलता ऐका. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या प्रश्नपत्रिकेवरच्या खुणा मोजल्या तर गणितात 34 प्रश्न बरोबर होते आणि निकालात मार्क फक्त 40. विचारलं तर हळूच म्हणाली, "बाई, एक प्रश्न सोडला होता, मग पुढचे गोल सगळे एकेक वर सरकले." पेनाने भरलेला गोल खोडता येत नाही, ती तशीच बसून राहिली होती. तिला गणित येतच होतं, दर दहा प्रश्नांनी नंबर जुळवून बघ एवढं मी सांगायला हवं होतं, आता सरावाला पहिल्या दिवसापासून सांगते.

शेवटचे दहा-पंधरा प्रश्न सलग चुकले असतील तर वेळ पुरला नाही, एका पेपरला 90 मिनिटांत 75 प्रश्न आहेत.

आणि अर्ध्या वर्गाचा एकच प्रश्न चुकला असेल तर आपलं शिकवणं तपासा. दोरीचे 8 समान तुकडे करायला किती वेळा कापावं लागेल, हा प्रश्न आमच्याकडे असाच चुकायचा, फळ्यावर दोनदा समजावून पण सगळे 8 च म्हणायचे. शेवटी सुतळी आणि कात्री हातात दिली. सातव्यांदा कापल्यावर एकजण ओरडला, "बाई, झाले की आठ!"

हे सगळं प्रत्येक मुलाच्या नावापुढे एका ओळीत लिहा, "अपूर्णांक राहिलेत", "वाचायला वेळ लागतो", असं साधं. पालकांना पण तेवढंच सांगा, शेजारच्या पोराचे मार्क मधे आणू नका. मुलं सहावीला दुसऱ्या शाळेत गेली असतील, तर तो कागद तिथल्या सरांच्या हातात नेऊन द्या.