करडईच्या घाण्यावर मिळून काम करताना

इस्रायलच्या गॅलिली भागात 1996 साली सुरू झालेली ‘सिंदियाना ऑफ गॅलिली’ ही संस्था अरब आणि ज्यू स्त्रिया मिळून चालवतात. ऑलिव्हचे तेल न्याय्य व्यापाराच्या तत्त्वावर विकायचे आणि नफा अरब स्त्रियांच्या प्रशिक्षणाकडे वळवायचा, अशी तिची रीत आहे. आपल्या मराठवाड्याच्या काळ्या रानात पिकते ती करडई. परभणी-लातूरकडच्या एखाद्या गावात हिंदू, मुस्लिम आणि बौद्ध घरांतील स्त्रिया असा लाकडी घाणा काढणार असतील, तर काही गोष्टी पहिल्या हंगामाआधीच ठरवून, लिहून ठेवाव्यात.

सुरुवात काट्यापासून करावी. मोंढ्यावर कडता, हमाली, तोलाई अशा नावांनी होणारी कपात सोसलेला शेतकरी गोड बोलण्याने नव्हे, तर चोख मापाने विश्वास ठेवतो. बारदान्याचे वजन वेगळे लिहावे, ओलावा व काडीकचऱ्यापोटीच्या वजावटीचा दर दारावर लावावा आणि तो भावकीला व परक्याला सारखाच लागू करावा. काट्यावर दोन वेगळ्या समाजांतील स्त्रिया बसवाव्यात. एकीने वजन पुकारावे, दुसरीने लिहावे, आणि पावती देण्यापूर्वी ती वाचून दाखवावी, कारण घरी दख्खनी बोलणाऱ्या प्रत्येकीला मराठी वाचता येईलच असे नाही.

खरा तंटा तेलावरून क्वचितच होतो; तो पेंडीवरून होतो. करडईच्या बियांतून तेलापेक्षा पेंड कितीतरी जास्त निघते, आणि ज्यांच्या दावणीला जनावरे आहेत त्यांना ती स्वस्तात हवी असते, तर भूमिहीन सभासदाच्या घरी ती खायला जनावरच नसते. म्हणून पेंड सर्वांना एकाच दराने विकून येणारी रक्कम हजेरीच्या प्रमाणात वाटावी. सवलतीची पेंड हा जमीनवाल्यांना मिळणारा छुपा बोनस ठरतो.

पाळ्या लावताना करडईचा एक गुण उपयोगी पडतो. ऑलिव्हचे फळ तोडल्यावर शक्यतो दिवसभरात गाळावे लागते, नाहीतर तेलातील आम्लता वाढते, आणि ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ म्हणवण्यासाठी ती 0.8 टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही. वाळलेली करडई मात्र थांबू शकते. 2025 मध्ये 30 मार्चला गुढीपाडवा आणि 31 मार्चला ईद आली होती. असा आठवडा आधीच ओळखून गाळप पुढे ढकलावे, कोणा एकीला सण सोडायला लावू नये. रोजे असणाऱ्यांना सकाळची पाळी द्यावी, पोती उचलण्याचे काम दुपारी त्यांच्याकडे ठेवू नये, आणि 14 एप्रिलची सुट्टी मागावी लागू नये, ती तक्त्यातच असावी.

पाण्याचा माठ एकच असावा आणि चहाचे कप सर्वांचे सारखे असावेत. कोणाला स्वतःचा पेला घरून आणायचा असेल तर आणू द्यावा, पण घाण्याच्या खर्चाने वेगळी भांडी ठेवू नयेत. पूजा किंवा फातिहा ज्यांना करायची त्यांनी स्वखर्चाने करावी.

तेलाचे काम तुलनेने सरळ आहे. स्टीलच्या टाकीत साका खाली बसू द्यावा, दुसरे तेल मिसळू नये, आणि करडईचे तेल लवकर खवट होत असल्याने विक्रीपुरतेच गाळून ते उजेडापासून दूर ठेवावे. बाटलीवर गाळपाची तारीख आणि घाण्याचा पत्ता छापावा. सभासदांच्या धर्माची जाहिरात तिथे करू नये, गिऱ्हाईक फोडणीसाठी तेल घेते.