खोल्या तीन, पंखा एक: हवा आत येते कुठून, ते आधी बघा

इंदूर परिसरातील मशरूम उत्पादकांसाठी, कार्तिक ते माघ

दिवाळी आटोपली की राऊ, महू, सांवेर या पट्ट्यात मशरूमचे बेड, म्हणजे बियाणं मिसळलेल्या भुशाच्या पिशव्या, भरायची धांदल सुरू होते. सोयाबीन निघालेलं असतं, भुसा घरचा असतो, मागच्या दोन-तीन खोल्या रिकाम्याच असतात. पंखा मात्र बहुतेकांकडे एकच. प्रत्येक खोलीतून पाइप काढायचा, सगळे एका डक्टला जोडायचे आणि टोकाला एक्झॉस्ट बसवायचा. या रचनेत काही गैर नाही. पण हवा बाहेर काढायची सोय सगळे करतात, आत घ्यायची फारसं कोणी करत नाही. पिकं फसतात ती तिथे.

बियाणं चांगलं, भुसा ताजा, बेड पांढरेशुभ्र, आणि तरी धिंगरीचे (शिंपल्यासारख्या टोपीच्या मशरूमचे) देठ बोटभर लांब, टोप्या रुपयाएवढ्या. चोइथराम मंडीत असल्या मालाला कोणी विचारत नाही. कोणाच्या घरी बघायला गेलं की ऐकायला मिळतं, ‘‘काका, पंखा तर दिवसभर चालू असतो हो!’’ असतो खरा. पण बंद खोलीची हवा ओढणं म्हणजे रिकामी बाटली तोंडाला लावून चोखण्यासारखं आहे. आत येईल तेवढंच बाहेर जाणार. पंखा फिरतो, बिल येतं आणि बेडांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड तिथेच राहतो. बाहेरच्या हवेत तो 420 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 420 भाग) आसपास असतो. फुटवा येताना, म्हणजे बेडातून कोंब फुटताना, खोलीत हजाराच्या खाली ठेवावा लागतो. मशरूमची पांढरी बुरशी भुशात पसरत असताना मात्र याच्या कित्येक पट असला तरी बिघडत नाही. म्हणून त्या खोलीला वारा जवळपास नकोच.

खोल्या एकाच डक्टवर असल्या की प्रकरण आणखी वाईट. पंख्याला हवा हवीच असते, ती तो मिळेल तिथून ओढतो. खोलीला स्वतःचा झरोका नसेल तर दाराच्या फटीतून, म्हणजे शेजारच्या खोलीतून. शेजारी तिसरी तोड झालेले जुने बेड असले की त्यांची हिरवी बुरशी, माश्या आणि बीजाणू थेट नव्या बेडांवर. पंखा बंद झाला की तोच डक्ट दोन खोल्यांमधला बोळ होतो. एका वहिनींकडे नव्या खोलीत पाइपाच्या तोंडाखालच्याच बेडांवर हिरवे डाग होते, बाकीचे स्वच्छ. पाइपात बोट फिरवलं तर पिठासारखी पांढरी पूड निघाली. ते जुन्या खोलीतल्या धिंगरीचे बीजाणू होते.

आता घाई का करायची

थंडीची पहिली लाट आली किंवा मावठ्याचं ढगाळ आलं की त्याच रात्री, ज्यांच्याकडे झरोका आहे तेही त्यात पोती कोंबतात. इंदुरात पारा दहाच्या खाली जातो, त्यामुळे भीती खोटी नाही. पण चार रात्री झरोका बंद राहिला की टाचणीएवढे कोंब पिवळे पडून गळतात. थंडीने धिंगरीची वाढ मंदावते, एवढंच. हवा कोंडली की अख्खी तोड जाते. झरोका निम्मा करा, पंख्याची वेळ कमी करा, दुपारच्या उन्हात जास्त चालवा. बुजवू मात्र नका. झरोका नसेल तर तो पाडायचं काम या आठवड्यातच उरकून घ्या, ढग आल्यावर भिंत फोडायला गवंडी मिळत नाही.

झरोका किती मोठा हवा

10 बाय 15 फूट, उंची 9 फूट अशी खोली धरा. आत 1350 घनफूट हवा. फुटव्याच्या वेळी तासाला पाच-सहा वेळा हवा बदलली तर धिंगरी खूश असते, हा माझा ठोकताळा. सहा वेळा धरलं तर मिनिटाला 135 घनफूट, तीन खोल्यांचे साधारण 400. बारा इंची पंख्याच्या डबीवरचा आकडा बहुधा याहून बराच मोठा असतो. पण तो मोकळ्या हवेतला. साधा पात्यांचा एक्झॉस्ट लांब डक्टमधून हवा ओढताना दमतो, प्रत्येक कोपराला जोर घटतो आणि सुरकुत्यांचा लवचीक पाइप तर निम्मा जोर खातो, असं समजा. डक्ट लांब असेल तर ब्लोअर घ्या. जवळ असेल तर आहे तोच पंखा पुरतो.

एवढ्या खोलीला 8 बाय 12 इंचांचा एक झरोका ठेवा. माशी अडवायला 35 ते 40 मेशची (इंचाला तेवढी भोकं असलेली) नायलॉन जाळी लागते, ती लावली की मोकळी जागा निम्मीच उरते, हे यात धरलेलं आहे. झरोका पाइपाच्या समोरच्या भिंतीत, खालच्या बाजूला असू द्या आणि तो बाहेरच्या हवेत उघडू द्या. गोठ्यात नको, भुसा ठेवलेल्या पडवीत नको आणि जुन्या खोलीत तर नकोच.

जाळी आठवड्याला काढून धुवा. धूळ आणि बीजाणू मिळून तिच्यावर राखाडी थर धरतो, तो लांबून दिसत नाही. ओलाव्यासाठी ओलं बारदान झरोक्यावर चिकटवून लावतात, तेही झाकणच झालं. वीतभर पुढे टांगा.

तपासायला मीटर लागत नाही. पंखा चालू करून दार बंद करा आणि पेटती उदबत्ती झरोक्याजवळ धरा. धूर सरळ आत ओढला गेला पाहिजे. मग ती दाराच्या फटीशी धरा. तिथे धूर जास्त जोरात आत येत असेल तर झरोका अपुरा आहे. दार उघडताना ओढ लागत असेल तर उदबत्तीचीही गरज नाही.

एका पंख्यावर खोल्या वाटताना

- प्रत्येक पाइपात हवा कमी-जास्त करायला पत्र्याची सरकपट्टी.
- प्रत्येक पाइपाच्या तोंडाशी जाड प्लॅस्टिकची झडप, पंखा बंद झाला की आपोआप पडणारी.
- पंख्याजवळची खोली सगळी हवा खाते. तिची पट्टी जास्त बंद करा, लांबची पूर्ण उघडी.
- बुरशी पसरत असलेल्या खोलीची पट्टी बंद.
- कामाला आधी नव्या खोलीत, शेवटी जुन्या.
- पाणी मारल्यावर टोपीवरची चकाकी जाईपर्यंत पंखा चालू. ओल राहिली की तपकिरी डाग.

नेहमीची कामं

- भुसा भिजवणे: 100 लिटर पाणी, कार्बेन्डाझिम (बुरशीनाशक) 7 ग्रॅम, फॉर्मलिन (जंतुनाशक) 125 मिली, 10 ते 12 किलो भुसा, 16 ते 18 तास.
- बियाणं: ओल्या भुशाच्या 2 ते 3 टक्के.
- बुरशी पसरणे: 15 ते 20 दिवस.
- धिंगरी: 20 ते 28 अंश, आर्द्रता 80 ते 85 टक्के.
- बटण मशरूम: फुटव्याला 14 ते 18 अंश. आमच्याकडे पौषाच्या आसपासच जमतं.
- शंका असेल तर कस्तूरबाग्रामचं कृषी विज्ञान केंद्र.

दुकानात काय घेऊ नये

देठ लांबले म्हणून दुकानात गेलात तर आधी मोठा पंखा गळ्यात पडतो, मग ‘फुटवा वाढवणारं’ टॉनिक, मग बुरशीनाशकाची आणखी एक बाटली. झरोका नसलेल्या खोलीला मोठा पंखा लावला तर तो जुन्या खोलीतली घाण दुप्पट जोराने ओढेल, फायदा काहीच नाही. टॉनिकने देठ आखूड होत नाही. कार्बन डायऑक्साइडचा मीटर बरा, पण आधी गवंड्याची मजुरी द्या.

जिवाशी खेळ नको

खोली ऊबदार राहावी म्हणून रात्री कोळशाची शेगडी ठेवतात. अजिबात ठेवू नका. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, आणि पहाटे पाणी मारायला गेलेला माणूस तिथेच पडतो. भुसा उकळायची भट्टी शेजारच्याच पडवीत असेल आणि खोलीला झरोका नसेल, तर पंखा भट्टीचाही धूर आत खेचतो. भट्टी पेटलेली असताना पडवीकडचं दार घट्ट बंद ठेवा.

खोली रिकामी झाल्यावर 2 टक्के फॉर्मलिन फवारता ना, तेव्हा त्या खोलीची सरकपट्टी बंद करून वर चिकटपट्टी लावा. नाहीतर तोच वास डक्टमधून शेजारच्या खोलीत जातो, तिथे कोणीतरी तोड करत असतं. तोडणाऱ्या बायकांना मास्क द्या. धिंगरीच्या बीजाणूंनी खोकला धरतो, आणि तोड टोपीची कड वर वळायच्या आत केली तर बीजाणूही कमी उडतात, मालही वजनदार भरतो.