आत किती, बाहेर किती

राजेहो, विदर्भातून नवी मुंबईत, खारघर-नेरूळला राहायला आलात की मे महिन्यात मोबाईलवर 33 अंश बघून हसू येईल. हसून घ्या. दुपारी अंगाला चिकटलेला शर्ट सोलून काढताना मग बोलू.

पहिलं सांगणं, कूलर गावीच ठेवा. तो पाण्याची वाफ करून हवा गार करतो. नागपुरात 44 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल, तर तो हिशोबाने 23 अंशांपर्यंत उतरू शकतो. इथे 33 अंशांना आर्द्रता 70 टक्के असली की कितीही ओली ताटी लावा, 28च्या खाली जाणं नाही. 21 अंशांची चैन गेली, हाती उरले पाच. शिवाय खोलीत दमटपणा वाढतो तो वेगळाच.

दुसरं म्हणजे सोसायटीच्या ग्रुपवरचे आलेख. आमच्याकडे एक हौशी काका आहेत. एक सेन्सर हॉलमध्ये, एक बाल्कनीत, आणि रोज रात्री चित्र ग्रुपवर. त्यात बाहेरचं तापमान निळं, आतलं लाल. आतल्यासाठी डावीकडची पट्टी 26 ते 36, बाहेरच्यासाठी उजवीकडची 20 ते 50. त्यामुळे दोन रेघा वाटेल तिथे एकमेकींना छेदतात, आणि छेदल्या की बाहेर आतपेक्षा गार झालं समजून कुणीतरी विचारतंच, “खिडक्या उघडायच्या का आता?” भरीस भर, यंत्राचं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर, साडेपाच तास मागे. म्हणजे दुपारी दोनचा कडाका आलेखात सकाळी साडेआठला. बाल्कनीतला सेन्सर एसीच्या बाहेरच्या युनिटवर टांगलेला असल्याने मध्येच 46 ची सुळकी येते. तेव्हा ग्रुपवर एकच प्रश्न असतो, “जावई आले वाटतं?”

हवामान खात्याचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत असतो. तुमची बाल्कनी त्याच्याशी जुळणार नाही, भांडू नका.

पण काकांच्या चित्रात एक गोष्ट खरी आहे, आणि घर भाड्याने घेताना तीच कामाची. आतली रेघ बाहेरच्या रेघेच्या कितीतरी मागून चढते. स्लॅब आणि पश्चिमेची भिंत दिवसभर ऊन पितात आणि बाहेर गार व्हायला लागलं की ते घरात सोडतात. सर्वांत वरच्या मजल्यावर रात्री नऊला घर बाहेरपेक्षा गरम असतं. दलाल तुम्हाला सकाळी घर दाखवेल, हवेशीर वगैरे म्हणेल. तुम्ही रात्री जेवणाच्या वेळेला पुन्हा जा आणि बेडरूमच्या भिंतीला हात लावून बघा. खिडक्यांना मच्छरजाळी आहे का तेही बघा. रात्री त्या उघड्या ठेवाव्याच लागतात.

दुपारी एरवी समुद्राकडून वारा येतो आणि पारा फार चढू देत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मात्र काही दिवस पूर्वेकडून कोरडा वारा सुटतो, समुद्रावरचा वारा उशिरा पोहोचतो, आणि पारा एकदम 38-40 ला जातो. इथे कुणी ते मनावर घेत नाही, लोकल पकडायची घाई असते. 16 एप्रिल 2023 ला खारघरमध्येच एका जाहीर कार्यक्रमाला भर उन्हात बसलेल्या लोकांना उष्माघात झाला, त्यात माणसं गेली. तिथे आपल्याकडच्यासारखे 45 अंश नव्हते, हे लक्षात ठेवा.

अशा कोरड्या दिवशी आपलीच रीत धरा. दहाच्या आत खिडक्या-पडदे बंद, निघताना पाणी पिऊन, डोक्याला-कानाला दुपट्टा. खिशात कांदा ठेवायचा असेल तर ठेवा, पण पाण्याची बाटली विसरू नका. स्टेशनवर लोक वळून बघतील. बघू द्या.